पिशोर ते सप्तशृंगगड : प्रवासातील थंड शिदोरी

चैत्र लागला की पिशोर, नाचनवेल, करंजखेड भागातून देवदर्शनाच्या गाड्या निघू लागतात. कापूस, मका घरात आलेला असतो आणि अद्रकीच्या लागवडीला अजून अवकाश असतो. दोन-तीन घरची मंडळी मिळून भाड्याची क्रूझर ठरवितात, मागे सतरंज्या, शेगडी व डबे रचतात आणि निघतात. अंजना-पळशी धरणाकाठचे हिरवे शिवार मागे पडते, कन्नड येते, मग औट्रम घाट उतरून चाळीसगाव, मालेगाव, देवळा, कळवण असे करीत नांदुरी. मुक्काम वाटेत झाडाखाली, निजणे गाडीतच. अशा प्रवासात लेकरू जुलाबाने हैराण झाले तर घरी दोष देतात तो पाण्याला. पण पुष्कळदा खरा दोष असतो सकाळी भरलेल्या आणि दुपारी उघडलेल्या डब्याचा.

अन्न थंड ठेवण्याची आपली जुनी युक्ती म्हणजे छागळ. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी बैलगाडीच्या दांडीला, पुढे जीपच्या आरशाला टांगलेली पाहिली असेल. कापडातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. गाडी जितकी पळेल तितका वारा लागतो व पाणी तितके गार होते. छागळ आता क्वचितच मिळते. पण मातीच्या सुरईला किंवा स्टीलच्या कळशीला ओले गोणपाट गुंडाळून, ती सावलीत, खिडकीच्या वाऱ्यात ठेवली तरी तेच काम होते. पालेभाजी, काकडी, लिंबेही ओल्या बारदानात टवटवीत राहतात.

मात्र या युक्तीची मर्यादा लक्षात घ्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवेचे तापमान 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओल्या फडक्याने गारवा फार तर 22-23 अंशांपर्यंत उतरतो. पिण्याच्या पाण्याला एवढे भरपूर झाले, दुधाला नाही. 5 अंशांपासून 60 अंशांपर्यंत रोगजंतू सुखाने वाढतात. आणि कोणी गडावरून पुढे कोकणात गणपतीपुळ्याला जाणार असेल, तर तेथे ओले गोणपाट जवळजवळ निरुपयोगी. दमट हवेत पाणी उडतच नाही.

म्हणून दूध, दही, ताक न्यायचेच असेल तर बर्फ हवा. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापते. ही ताकद वाया घालवू नये. थर्माकोलची जाड पेटी घ्या. जनावरांची लस 2 ते 8 अंशांत ठेवून गावोगाव नेतात ती अशाच पेटीतून, आणि पेटी सारखी उघडायची नाही हा तिथला पहिला नियम असतो. घरी फ्रीज असेल तर आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून गोठवाव्यात. वितळल्यावर तेच पाणी पिता येते. पेटीत ठेवायचे दूधही आधी फ्रीजमध्ये गार करावे, कोमट पातेले आत ठेवले तर बर्फ त्यातच खर्ची पडतो. कारखान्याची लादी घेतली तर फोडू नये, अख्खी टिकते. कुल्फीवाल्यासारखे मीठही टाकू नये, त्याने थंडी वाढते पण बर्फ लवकर संपतो. आणि निळसर बर्फ दिसला तर तो शरबतात घालू नका. 2018 पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केलेले आहे, तो फक्त बाहेरून गारवा देण्यापुरता.

गाडीच्या बॅटरीवर चालणारे छोटे फ्रीजही आता मिळतात. चांगले आहेत, पण मुक्कामी इंजिन बंद ठेवून रात्रभर चालविले तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल.

खरे म्हणाल तर आपल्या आयाबायांनी हा प्रश्न बर्फाशिवाय सोडविला होता. दुधात मळलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, गूळ. ओलावा कमी, मीठ-तिखट जास्त, म्हणून ते दोन दिवस निभावते. डाळ-तांदूळ कोरडे न्यावेत आणि मुक्कामी लागेल तेवढेच शिजवावे.

भाताबद्दल मात्र विशेष जपा. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच गरमीत राहिला की ती वाढतात आणि त्यात विष तयार होते. तो पुन्हा खळखळून गरम केला तरी हे विष जात नाही. तेव्हा उन्हाळ्यात उरलेला भात तासाभरापेक्षा जास्त राहिला असेल, तर लहान मुलांच्या ताटात वाढू नका, मोठ्यांनीही खाऊ नये. परतीच्या वाटेवर चाळीसगावला गरम जेवण मिळते, त्याचे चार पैसे जाऊ द्यावेत.