सही करायला कोण?

एकत्र राहताच ना, मग लग्नाचा हट्ट कशाला? घरच्यांनी विचारलं, मुंबईतल्या मैत्रिणींनीही विचारलं. मला त्याचं उत्तर महाडच्या एका खासगी दवाखान्यात मिळालं.

गणपतीला आम्ही दोघी गावी निघालो होतो. गाव कशेडी घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूरच्या बाजूला. माणगाव सुटलं आणि तिच्या पोटात कळा यायला लागल्या. महाडपर्यंत तिला सरळ बसवेना. अपेंडिक्स. ऑपरेशन लगेच करायचं होतं. तिने स्वतः सही केली, तरी नातेवाइकाचीही सही लागेल म्हणाले. ‘तुम्ही पेशंटच्या कोण?’ आमचं भाडं एक, किराणा एक, आजारपणं एकमेकींची काढलेली. तरी त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. ‘मैत्रीण’ लिहिलं. ‘घरचं कुणी बोलवा,’ असं उत्तर आलं. तिचा भाऊ साताऱ्याहून निघाला, भर पावसात आंबेनळी घाट उतरून आला. भला माणूस, आल्या आल्या सही केली. पण तिला कुठलं औषध चालत नाही, हे डॉक्टरांना मीच सांगितलं होतं. त्याला ते माहीत नव्हतं.

१७ ऑक्टोबर २०२३ला, नवरात्रात, मी आईकडे पडवीत मोबाइल घेऊन बसले होते. सर्वोच्च न्यायालयाचा समलिंगी विवाहांवरचा निकाल थेट दाखवत होते. समोर खाचरात भातकापणी चालली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड वाचत होते : समलैंगिकता ही शहरी, उच्चभ्रू गोष्ट नाही, खेड्यात शेतावर राबणारी बाईही तशी असू शकते. ऐकताना मला रडू फुटलं. या मातीतली मी, माझ्याबद्दल देशाच्या न्यायालयात कुणी असं बोलेल, हे मला कधी वाटलं नव्हतं.

आशा फार टिकली नाही. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आम्हाला बसवणं संसदेचं काम, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. निदान आमच्या सहजीवनाला तरी मान्यता द्यावी, असं चंद्रचूड आणि कौल यांचं मत होतं. भट, कोहली आणि नरसिंह यांनी ते मानलं नाही. तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याच महिन्यात थायलंडमध्ये अशी लग्नं सुरू झाली. नेपाळमध्ये त्याआधीच, नोव्हेंबर २०२३मध्ये, पहिली नोंदणी झाली होती.

काहीच मिळालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं. बँकेत संयुक्त खातं काढायला, त्यात एकमेकींना नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही, हेही स्पष्ट केलं. आरोग्य खात्याच्या पत्रात तर जवळचे नातेवाईक नसतील, तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं होतं. ते वाचून मी बराच वेळ सुन्न होते. मेल्यावर का? आणि तेही दुसरं कुणी नसेल तरच का?

महाडचं चवदार तळं नगरपालिकेने १९२४मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. तरी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ला हजारोंसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि मग कोर्टात लढून १९३७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मिळवावा लागला. त्या दुःखाशी मी माझं दुःख तोलत नाही, तो अधिकार मला नाही. पण याच तालुक्यात शिकले, त्यामुळे ठराव, परिपत्रक आणि हक्क यांतलं अंतर मला शाळेपासून माहीत आहे.

हक्क मिळेपर्यंतची सोय म्हणून आम्ही मृत्युपत्रं केली, वैद्यकीय निर्णयांसाठी एकमेकींच्या नावे कागद केले. नवरा-बायकोला ज्यासाठी एक दाखला पुरतो, त्यासाठी आमची फाइल झाली आहे. दवाखान्यात जाताना आता ती बरोबर घ्यावी लागते.

विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लावावी लागते. घरातून निघून आलेल्या जोडप्यांच्या जिवावर बेतणारी ती अट जायलाच हवी, असं माझं मत आहे. तरीही उद्या आम्हाला परवानगी मिळाली, तर मी ती नोटीस आनंदाने लावीन. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असला, की तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते. माझी रायगडला येईल. पोलादपूर तालुका, गावाचं नाव, आणि आमची दोघींची पूर्ण नावं. गावात कुणी वाचली, तर वाचू दे. आईला मी आधीच सांगून ठेवलं आहे.