बेसनाच्या पिशवीवरचे दोन ग्रॅम

दसरा उलटला की शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या किराणा दुकानांत बेसनाच्या पिशव्यांची थप्पी दाराजवळ येते. मराठी घराला लाडवांसाठी, गुजराती घराला मोहनथाळासाठी, हैदराबादी आणि पाकिस्तानी घरांना भज्यांसाठी बेसन लागतंच. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘बेसन’, त्याखाली इंग्रजीत ‘ग्रॅम फ्लॉवर’ आणि तळाशी वजन : २ पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम. अमेरिकेत पौंडांचंच राज्य असलं तरी वेष्टनांविषयीच्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि १९९४ पासून पौंडांबरोबर मेट्रिक वजन छापणं बंधनकारक झालं. त्यामुळे एकाच पिशवीवर ‘ग्रॅम’ दोनदा येतो, वर धान्य म्हणून आणि खाली वजन म्हणून.

शब्दांची व्युत्पत्ती हा माझा अभ्यासाचा विषय. या विषयात शिकणाऱ्यांना मी सुरुवातीला हीच पिशवी दाखवते आणि विचारते, की हा एक शब्द आहे की दोन? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : एकच. पूर्वी दाण्यांनी वजन करत असतील, हरभऱ्याच्या दाण्यावरून वजनाला नाव पडलं असेल. भारतीय विद्यार्थ्यांना तर हे लगेच पटतं. आपल्याकडे सोनार गुंजांनी सोनं तोलत होते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. बीज आणि वजन यांचं नातं आपल्या बोलण्यातच मुरलेलं आहे.

पण हे उत्तर चूक आहे. ते दोन वेगळे शब्द आहेत, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेले. दोघांचा प्रवास पाहिला की शब्दाच्या तोंडावळ्यावरून त्याचं कूळ ठरवणं किती धोक्याचं, ते कळतं.

आधी धान्याचा ग्रॅम. हा शब्द इंग्रजांनी आपल्या किनाऱ्यावर उचलला, तोही पोर्तुगीजांकडून. लॅटिनमध्ये दाण्याला ‘ग्रानुम’ म्हणत. त्याचं पोर्तुगीजमध्ये ‘ग्रांव’ झालं. शेवटचा स्वर नाकातून जाणारा, आणि जुन्या लेखनात हा अनुनासिक पुष्कळदा ‘म’ लावून दाखवत. इंग्रजांनी ते लेखन तसंच घेतलं आणि आपल्या पद्धतीने वाचलं, म्हणून ‘ग्रॅम’. मराठी कानाने हाच स्वर कसा पकडला, ते पाहण्यासारखं आहे. पोर्तुगीजांचा ‘पांव’ आपल्याकडे पाव झाला, ‘लेलांव’ लिलाव झाला. आपण ‘ग्रांव’ घेतला असता तर तो बहुधा ‘ग्राव’ झाला असता. पण हरभरा आणि चणा हे शब्द घरात होतेच, उसना घ्यायची गरज पडली नाही. बटाटा, पेरू, अननस, काजू ही पिकं नवी होती, म्हणून त्यांची नावं बाहेरून आली. हरभरा आपला जुना.

‘ग्रांव’चा मूळ अर्थ कोणताही दाणा. तो हरभऱ्यापाशी येऊन का थांबला? याचं उत्तर घोड्यांत आहे. १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने गोवा घेतलं, तेव्हा अरबस्तान आणि इराणकडून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार हे त्या बंदराचं मोठं धन होतं. विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडे हवे असत. घोडा आला की चंदी आली, आणि चंदी म्हणजे प्रामुख्याने भिजवलेला हरभरा. युरोपात घोड्याला ओट देतात, इथे हरभरा. दाणा म्हटलं की घोड्याचा दाणा, आणि घोड्याचा दाणा म्हणजे हरभरा. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांची घोडदळं याच दाण्यावर पोसली गेली आणि शब्द इंग्रजीत पक्का बसला.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला. बर्नेल त्याआधीच, १८८२ मध्ये वारले होते. काम यूल यांनी पुरं केलं. भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यातले देशी आणि मिश्र शब्द गोळा करणाऱ्या या कोशात ‘ग्रॅम’ची नोंद आहे आणि शब्द पोर्तुगीज असल्याचं तिथे स्पष्ट सांगितलं आहे. शेजारीच ‘ग्रॅम-फेड’ हा शब्द आहे. हरभऱ्यावर पोसलेल्या जनावराच्या मांसाला तो लावत, आणि पुढे लाडावलेल्या माणसालाही.

हरभऱ्यापाशी थांबलेला हा शब्द नंतर पुन्हा पसरला. इंग्रजांनी आपल्या इतर अनेक डाळींनाही ग्रॅम म्हटलं आणि पुढे विशेषण लावलं. मूग हिरवा ग्रॅम, उडीद काळा ग्रॅम, तूर लाल ग्रॅम, कुळीथ घोड्याचा ग्रॅम आणि खुद्द हरभरा बंगालचा ग्रॅम! वनस्पतिशास्त्रात मूग-उडीद आणि हरभरा यांच्या प्रजाती वेगळ्या, पण इंग्रजीने त्यांना एका आडनावाखाली आणलं. आजही केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं, तेव्हा इंग्रजी यादीत हरभऱ्यासमोर ‘ग्रॅम’ हाच शब्द असतो.

गोव्यात मूळ पोर्तुगीज शब्द अजून जिवंत आहे. नाताळात ख्रिस्ती घरांत हरभऱ्याची डाळ, नारळ आणि साखर आटवून वड्या थापतात. बोलण्यात तो नुसता ‘दोस’, पण पूर्ण नाव ‘दोस द ग्रांव’, म्हणजे हरभऱ्याचा गोड पदार्थ. डेव्हनवरच्या पिशवीवरचा ग्रॅम आणि म्हापशाच्या घरातला ग्रांव ही सख्खी भावंडं आहेत. त्यांचं कूळ आणखी मागे नेलं तर संस्कृतशीही नातं जुळतं. लॅटिन ‘ग्रानुम’, इंग्रजी ‘कॉर्न’ आणि संस्कृत ‘जीर्ण’ हे तिन्ही शब्द भाषाशास्त्रज्ञ एका मुळाशी जोडतात. पिकून पक्व झालेलं, ते धान्य.

आता वजनाचा ग्रॅम. त्याची जन्मतारीखच सांगता येते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ‘ग्राम’ हे एकक ठरलं. मीटरच्या शंभराव्या भागाचा घन घ्यायचा, त्यात मावेल तेवढं शुद्ध पाणी घ्यायचं, तापमान वितळत्या बर्फाचं. त्या पाण्याचं वजन म्हणजे एक ग्राम. नाव शोधायला फ्रेंच विद्वान ग्रीककडे गेले. ग्रीकमध्ये ‘ग्राम्मा’ म्हणजे लिहिलेलं अक्षर. टेलिग्राम, प्रोग्राम यांतला ग्राम तो हाच.

अक्षराचा वजनाशी काय संबंध? माझ्या मते सगळ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर जागा ही आहे. रोमन लोकांचं एक लहान वजन होतं, औंसाचा चोविसावा भाग. त्याचं नाव ‘स्क्रुपुलुम’, म्हणजे टोकदार बारीक खडा. याच शब्दाचं ‘स्क्रिपुलुम’ असंही रूप प्रचारात होतं, आणि लॅटिनमध्ये लिहिण्याला ‘स्क्रिबेरे’ म्हणतात. ऐकणाऱ्यांनी दोन्हींची सांगड घातली : हे वजन लिहिण्याशी संबंधित असणार. ग्रीकमध्ये त्याचा प्रतिशब्द करताना लिहिण्याशी नातं सांगणारा ‘ग्राम्मा’ वापरला गेला. असंबद्ध शब्द सारखे ऐकू आले, लोकांनी त्यांना एका कुळात बसवलं, आणि त्या गोंधळातून वजनाला नाव मिळालं. दीड हजार वर्षांहून जास्त काळाने तेच नाव फ्रेंचांनी विज्ञानाच्या भाषेत आणलं. पिशवीवरचे दोन ग्रॅम एकच मानणारे माझे विद्यार्थी त्याच जुन्या वाटेने चाललेले असतात.

त्या खड्याचं पुढे इंग्रजीत ‘स्क्रूपल’ झालं. औषधविक्यांचं वजन म्हणून स्क्रूपल वीस ग्रेनचा, आणि ‘स्क्रूपल’चा दुसरा अर्थ मनाला टोचणारी शंका, सदसद्विवेक. वजन आणि विवेक हे अर्थ इतके दूरचे, तरी शब्द एकच, कारण दोन्हींच्या मुळाशी तोच खडा आहे, एकदा तराजूत ठेवलेला आणि एकदा पायात रुतणारा. ग्रॅमचं उलट. धान्य आणि वजन हे अर्थ शेजारी वाटतात, पण शब्द दोन. अर्थ जवळ आहेत की लांब, यावरून काही ठरत नाही. कोशकार इतिहास पाहतो : शब्द कोणत्या भाषेतून, कोणत्या रूपात, कधी आला. वाटा वेगळ्या असतील तर तो दोन स्वतंत्र नोंदी करतो आणि त्यांना एक, दोन असे क्रमांक देतो.

मग वजनांच्या जगात हरभऱ्याच्या ग्रॅमचं कुणीच नाही का? आहे. ते ‘ग्रेन’. हाही ‘ग्रानुम’चाच मुलगा, फ्रेंचमार्गे आलेला. इंग्रजी पौंडात ७००० ग्रेन असतात. डेव्हनवरच्या सराफी दुकानात आजही तोळ्याची भाषा चालते, आणि १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता. आजचे ११.६६ ग्रॅम होतात ते त्यामुळे. म्हणजे वजन-ग्रॅममध्ये सांगितलेल्या आपल्या तोळ्याचा हिशेब मुळात हरभऱ्याच्या ग्रॅमच्या भावंडाने बांधलेला आहे.

पिशवीवरचा दुसरा शब्द, ‘फ्लॉवर’, याच धड्याची दुसरी बाजू शिकवतो. पिठाचा फ्लॉवर आणि फुलाचा फ्लॉवर यांची स्पेलिंगं वेगळी, म्हणून शब्द वेगळे वाटतात. ते एकच आहेत. धान्य दळून चाळल्यावर जो उत्तम भाग निघतो, तो धान्याचं ‘फूल’. डॉ. जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही ही दोन स्पेलिंगं वेगळी मानलेली नव्हती. भाजीवाल्याकडचा आपला फ्लॉवरही त्याच फुलाचा. छापील पिशवीवर दोन शब्द शेजारी आहेत : एकाचं रूप एक आणि मुळं दोन, दुसऱ्याची रूपं दोन आणि मूळ एक.

ही नजर बसली की सगळा रस्ता वाचता येतो. डाळींना इंग्रजीत ‘पल्स’ म्हणतात, तो लॅटिन ‘पुल्स’, म्हणजे पेज किंवा लापशी. वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर पाहतात तो पल्स ठोका देणारा, ‘पुल्सुस’. पानाच्या दुकानातला चुना इंग्रजीत ‘लाइम’, तो जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ चिकट पदार्थ. शेजारच्या दुकानातलं लिंबूही ‘लाइम’, ते फारसी-अरबीतून, स्पॅनिश-फ्रेंचच्या हातून आलेलं. आणि शिकागोत रस्त्याकडेला लावलेल्या लिंडनच्या झाडालाही इंग्रज ‘लाइम’ म्हणतात, त्याचा या दोघांशीही संबंध नाही. रमजानमध्ये इथे खजुराचे ढीग लागतात. खजूर म्हणजे ‘डेट’, ग्रीक ‘दाक्तिलोस’वरून, म्हणजे बोट. त्याच खोक्यावर छापलेली तारीखही ‘डेट’. ती लॅटिन ‘दाता’वरून, म्हणजे दिलेली. रोमन पत्रांत अमुक ठिकाणी, अमुक दिवशी ‘दिलं’ असं लिहीत, त्यावरून. हा ‘दाता’ आणि आपला ‘दत्त’ एकाच धातूचे. मराठी वाचकाला ही तारीख खजुरापेक्षा जवळची आहे.

रस्त्याचं नावही पाहायला हवं. पूर्वी हा चर्च रोड होता. १८८० च्या दशकात एजवॉटर ही वस्ती उभारणाऱ्या जॉन लुईस कॉक्रन याने फिलाडेल्फियाजवळच्या रेल्वे स्टेशनांची नावं इथल्या रस्त्यांना दिली, त्यातलं डेव्हन एक. त्या स्टेशनाच्या नावामागे इंग्लंडमधला डेव्हन परगणा, आणि त्याच परगण्यावरून १८३९ मध्ये भूशास्त्रातल्या एका कालखंडाला ‘डेव्होनियन’ हे नाव मिळालं. त्या कालखंडातले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे मासे आणि आजचा ‘गांधी मार्ग’ अशा फलकाचा हा रस्ता, दोघांच्या नावात शब्द एकच.

भारतीय इंग्रजीतला हरभऱ्याचा ग्रॅम अमेरिकेत आता दुर्मीळ होत चालला आहे, असं मला दिसतं. मोठ्या अमेरिकन दुकानांत ‘चिकपी’ किंवा स्पॅनिश ‘गार्बांझो’ हीच नावं असतात, आणि काही देशी वेष्टनांवरही ‘चिकपी फ्लॉवर’ छापायला लागले आहेत. ‘चिकपी’तला ‘चिक’ही कोंबडीच्या पिल्लाचा नव्हे, लॅटिन ‘किकेर’चा. रोमन वक्ता किकेरो, म्हणजे सिसेरो, याच्या आडनावातला हरभराही तोच. हे नाव उत्तमच आहे, पण त्यात गोव्याचं बंदर, घोडे आणि चंदी यांचा मागमूस नाही. ‘ग्रॅम’मध्ये तो आहे, म्हणून तो वापरात राहावा असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेतल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या आया-आज्यांच्या पाककृतींच्या वह्या, किराण्याच्या याद्या, जुनी वेष्टनं घरात असतील तर टाकू नका. डाळींना त्यांनी इथे कोणत्या नावांनी ओळखलं, कोणत्या वर्षी कोणता शब्द लिहिला, ही माहिती कोणत्याच छापील कोशात नाही. पानावर तारीख नसेल तर आठवेल ते वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवा. मुलांनी पिशवी हातात घेऊन विचारलं, तर अंदाजाने उत्तर देऊ नका, त्यांच्याबरोबर कोश उघडा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि हॉब्सन-जॉब्सन हे तिन्ही याच शहरातल्या शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत ठेवलेले आहेत.