पडलेले पुन्हा उभारताना

पडलेली वास्तू होती तशीच उभारावी की नव्या तऱ्हेने बांधावी, हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा वाटतो. परंतु गवंड्याच्या हाती ओळंबा येण्यापूर्वी तो घरधन्याच्या मनात सुटावा लागतो. जर्मनीतील ड्रेस्डेन शहर पाहताना, आणि पुढे किल्लारीस गेलो असता, याची दोन निरनिराळी उत्तरे आमच्या दृष्टीस पडली.

ड्रेस्डेनचा मध्यभाग फेब्रुवारी १९४५ मधील विमानहल्ल्यांत जळाला व सुमारे २५,००० माणसे प्राणांस मुकली. तेथील फ्राउएनकिर्ख या अठराव्या शतकातील प्रार्थनामंदिराचा दगडी घुमट आगीत तग धरून अखेर १५ तारखेस कोसळला. चाळीसांहून अधिक वर्षे तो ढिगारा युद्धाचे स्मारक म्हणून तसाच राहिला. मग देणग्या जमल्या, ढिगाऱ्यातील दगड निवडले गेले, आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी मंदिर पूर्वीच्याच रूपाने उघडले. जुने दगड काळवंडलेले, नवे फिकट पिवळे. कोणता दगड पूर्वीचा, हे परक्या पाहुण्यासही सांगावे लागत नाही.

किल्लारीची कथा वेगळी. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. सुमारे १०,००० माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. येथे कोणी शत्रू चालून आला नव्हता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे माळवद, हीच अंगावर आली. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून माळवदावर माती टाकावयाची, ही आपली जुनी रीत. म्हणजे घराची जितकी काळजी घ्यावी, तितके डोक्यावरचे ओझे वाढावे! अशी घरे होती तशीच पुन्हा बांधा, असे कोण म्हणणार?

नव्या वसाहतीत सरळ, रुंद रस्ते आहेत, आखीव ओळी आहेत. एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस ओसरीवर बसवून चहा पाजला. घर कसे आहे, असे विचारता तो म्हणाला, “घर घट्ट हाय सर, पर शेजार लांब गेला.”

ड्रेस्डेनकरांनी दगड जपले, ते योग्यच होते. त्यांच्या दगडांनी त्यांचा घात केला नव्हता. आपल्याकडे दगडांचा मोह सोडणे भाग होते. पण दगडांबरोबर बोळ गेले, ओटे गेले, एका भिंतीच्या आधाराने नांदणारी दोन घरे गेली. तोडावयाचे काय आणि राखावयाचे काय, याची निवड घाईत झाली की असे होते.

आमचे कड्याचे वडिलोपार्जित घरही त्याच घडणीचे आहे. भर उन्हाळ्यात त्या माळवदाखाली जो गारवा मिळतो, तो विकत मिळत नाही. तरीही येत्या दिवाळीनंतर ते उतरवावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. त्याच माळवदाखाली आमची नातवंडे निजतात. गवंड्यास एवढीच ताकीद दिली आहे की, दार जुन्याच जागी, बोळाकडे तोंड करून बसवावे. समोरच्या काकूंनी उंबऱ्यातून हाक मारली, तर ती आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आली पाहिजे.