होम होतं, वर्क नव्हतं!

तुमच्यापैकी किती जणांनी घरी खोटं सांगितलंय? 'मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो' टाइप नाही, जरा मोठं? माझ्या धाकट्या भावाने तीन आठवडे घरी सांगितलं होतं की त्याचं वर्क फ्रॉम होम सुरू आहे. प्रत्यक्षात होम होतं, वर्क नव्हतं. आणि हे फक्त मला माहीत होतं.

आमचं घर माळेगाव बुद्रुकला. बारामतीला लागूनच म्हणा. साखर कारखाना, नीरा डावा कालवा आणि नजर जाईल तिथे ऊस. आप्पा कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. भाऊ गावातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल होऊन चाकणच्या बाजूला मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत कॅड डिझायनर म्हणून लागला होता. मी मास कम्युनिकेशनवाली, त्यात फ्रीलान्सर. म्हणजे घरात 'नोकरी' करणारा तोच एक!

ती गेली एका साखळीपायी.

मला चेन म्हटलं की गळ्यातली, नाहीतर ट्रेनमधली. ही वेगळी. मशीनचा एखादा भाग सारखा पुढे-मागे पळत असतो. त्याला वीज, हवा, सिग्नल पोचवणाऱ्या केबलनाही त्याच्याबरोबर पळावं लागतं. मोकळ्या सोडल्या तर त्या गुंततात, घासतात, एक दिवस तुटतात. म्हणून त्या कड्याकड्यांच्या एका पोकळ साखळीत भरतात. कारखान्यातले लोक तिला ड्रॅग चेन म्हणतात. १९५३ मध्ये जर्मनीत गिल्बर्ट वानिंगर यांनी ती पहिल्यांदा तयार केली, तेव्हा पोलादाची होती. आता बऱ्याच ठिकाणी काळ्या प्लॅस्टिकची दिसते. एक टोक मशीनच्या सांगाड्याला पक्कं, दुसरं पळत्या टेबलाला, मध्ये आडव्या यू-सारखं वळण.

भावाने कॉम्प्युटरवर टेबल बरोब्बर मध्यभागी ठेवलं आणि चेन काढली. चित्र झकास. वरच्यांनी ओके केलं. मशीन उभं राहिलं, टेबल टोकाला गेलं आणि चेनचं पोट कव्हरच्या पत्र्यावर जाऊन आपटलं! पत्रा चेपला, कड्या निखळल्या. ड्रॉइंगवर सही करणारे तिघे होते. प्रोबेशनवर एकटा तो होता. पुढचं सांगायला नको.

परवा शनिवारी मी घरी गेले तेव्हा तो आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसला होता. दुसऱ्या एका कंपनीने टेस्ट दिली होती. योगायोग बघा, मशीनवर ड्रॅग चेन बसवायची आणि ती हलवून दाखवायची. रविवारी रात्रीपर्यंत.

"त्यात काय, एकेक कडी काढ आणि जोड," मी म्हटलं. माझा आत्मविश्वास नेहमीच दांडगा असतो.

"केलं ना ताई. हे बघ." त्याने माउसने टेबल ओढलं. पंखा घरघरायला लागला, चित्र दोन सेकंद थिजलं आणि मग चेन मेलेल्या सापासारखी भलतीकडेच दुमडली. खऱ्या कडीला खाच असते, त्यामुळे ती एकाच बाजूला आणि ठरावीक अंशांपर्यंतच वाकते. कॉम्प्युटरला ते सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याच्या लेखी तिथे नुसती पिन आहे आणि कडी कशीही फिरू शकते.

मग त्याने दुसरा रस्ता धरला. आधी नुसती वाट काढायची. खाली सरळ रेघ, मग अर्धगोल, वर सरळ रेघ. अर्धगोलाची त्रिज्या बांधून टाकायची, सगळ्या वाटेची लांबीही बांधून टाकायची. आता वरच्या रेघेचं टोक ओढलं की खालची रेघ आपोआप कमी-जास्त होते. त्या वाटेवर कड्या ओवायच्या. कॉम्प्युटर हू की चू करत नाही.

लांबी किती? टेबल एकूण १२०० मिलिमीटर पळतं. चेनचं पक्कं टोक मधोमध असेल तर त्याच्या निम्मे, ६००. वळणाची त्रिज्या ७५, तिला पायने गुणून साधारण २३६. वर दोन कड्या जास्तीच्या, ४५ मिलिमीटरची एक, म्हणजे ९०. झाले ९२६. अर्धी कडी मिळत नाही म्हणून २१ कड्या, ९४५. मी हे वहीत उतरवून घेतलं आणि मला उगीचच हुशार वाटलं.

गंमत अशी की टेबल १२०० पळतं तेव्हा वळण फक्त ६०० सरकतं. मला लगेच रूपक सुचलं. एक टोक माळेगावात पक्कं, दुसरं पुण्यात पळतंय...

"ताई, ते तुझ्या लेखात टाक. इथे माझं डोकं नको खाऊ."

तेवढ्यात आप्पा आत आले. स्टुलावर बसले. उसाची मोळी गव्हाणीतून मिलपर्यंत नेणाऱ्या कॅरिअरच्या साखळ्या दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली.

"ही काय ओढती?"

"काहीच नाही आप्पा. हिलाच टेबल ओढतं."

"मग हिचं काम काय?"

"वायरी सांभाळायच्या."

"हं." आप्पांना हे फारसं पटलेलं दिसलं नाही. "टोकाला ने बरं."

भावाने टेबल उजवीकडे टोकाला नेलं. चेन जोडलेली जागा मध्यापासून ६०० वर थांबली. वळणाचं पोट मात्र तिच्याही पुढे, ७३० वर! वर कडीची जाडी वेगळी. मध्यावर उभ्या टेबलाच्या चित्रात हेच दिसत नाही.

"आता दुसऱ्या टोकाला."

तिकडे मोकळं होतं. आप्पांनी परत उजवीकडे न्यायला लावलं. मग पुढे वाकून स्क्रीनवर पोटाच्या जागी नखाने टकटक केलं.

"मागच्या टायमाला पत्र्याला लागली, ती हितंच का?"

खोलीत नुसता लॅपटॉपचा पंखा. त्यांना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. मी नाही, एवढं नक्की. भावाने माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे.

"हो," तो म्हणाला.

"मग कव्हर लांब घे की. चार बोटं तरी मोकळी ठेव." आप्पा उठले. दारात थांबून हळूच म्हणाले, "आन् तुझ्या आईला उद्या तूच सांग. मी सांगणार न्हाय."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला काय सांगायचंय?"