शिलाईचे पैसे

काही देणी फिटत नाहीत. हैदराबादेत आबिड्सच्या एका गल्लीत शेरवान्या शिवणाऱ्या मास्टरांचं माझ्यावर असंच एक देणं आहे.

कॉलेजात असताना, आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी मांडतात त्या जुन्या पुस्तकांत मला पॅराशूटवरचं एक फाटकं अमेरिकन पुस्तक मिळालं. त्यात रॅम-एअर पॅराशूटचं चित्र होतं. डोमिना जाल्बर्ट यांनी १९६०च्या दशकात काढलेली ही युक्ती. गोल छत्री वारा नेईल तिकडे जाते; हा मात्र कापडाचा पंखच. दोन थरांमध्ये कप्पे, पुढून उघडे, मागून शिवलेले. पुढून घुसलेली हवा आत कोंडते आणि कापड ताठ होतं. मागच्या कडेची उजवी दोरी ओढली की पॅराशूट उजवीकडे वळतं.

छत्रीचं नायलॉन आणि ते पुस्तक घेऊन मी मास्टरांकडे गेलो. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं आणि कप्प्यांमधल्या पडद्यांवर बोट ठेवलं. “ये सुराख कायकू हैं, मालूम? एक खाने की हवा दूसरे में जाना, मियाँ.” अगदी तेच! त्या भोकांमुळे सगळ्या कप्प्यांतला दाब सारखा राहतो. त्यांनी तापल्या सळईने भोकं पाडली. कडा वितळून बसल्या, धागा सुटेना. शिलाई विचारली तर म्हणाले, “नक्को.”

गच्चीवरून दगड बांधून सोडलं, तर ते फार लांब गेलं नाही. पण कप्पे मात्र टरारून फुगले.

पुढे मी फिजिक्स शिकवू लागलो. अशा पॅराशूटने उतरवायच्या मालाचं वजन वाढलं की काय काय बदलतं, ते मुलांना सांगताना रंगतो. कापड मोठं लागतं. एवढं कापड एका झटक्यात उघडलं तर शिवणी उसवतील, म्हणून ते टप्प्याटप्प्याने उघडायचं. दोऱ्या मोटारींनी ओढायच्या. नासाने एक्स-३८ यानासाठी केलेलं असं पॅराशूट ७,५०० चौरस फुटांचं होतं. आपल्याकडे आग्ऱ्याच्या एडीआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने ५०० किलो मालासाठी सीएडीएस-५०० हे असंच पॅराशूट तयार केलं. डिसेंबर २०२१मध्ये मालपुऱ्याला एएन-३२ विमानातून, ५,००० मीटर उंचीवरून ते सोडलं. जीपीएसवरून जागा ओळखत ते आपलं आपण वळत खाली आलं. त्याच्यामागोमाग ११ छत्रीधारी जवान उतरले. डोंगराळ सीमेवरच्या ठाण्यांना रसद पोचवायची, तर असंच नेमकं उतरणारं साधन हवं.

वर्गात मी जाल्बर्ट यांचं नाव सांगतो, आग्ऱ्याचं सांगतो आणि भोकांपाशी आलो की आबिड्सच्या मास्टरांचंही सांगतो. दाबाची समीकरणं मी नंतर शिकलो. भोकांचं कारण मला आधी एका शिंप्याने सांगितलं. इंजिनिअर व्हायला निघालेल्या प्रत्येकाने थोडे दिवस शिवणाऱ्या माणसाशेजारी बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.