चौथ्या डिस्कचा हिशेब

दुकानाच्या सर्व्हरमध्ये 2 टीबीच्या चार डिस्क, पण जागा मिळते 6 टीबीच. मी बी.कॉम. झालेली, उरलेले 2 टीबी गेले कुठे, हे विचारल्याशिवाय राहवेना. मुलगा म्हणाला, "आई, ही रेड 5. एका डिस्कएवढी जागा पडताळ्याला लागते." म्हणजे आपली खातेवहीच की! बेरीज आणि तीन रकमा ठाऊक असल्या की पुसलेली चौथी काढता येते. दोन पुसल्या तर मात्र हात टेकायचे.

मागच्या महिन्यात कंट्रोलर कार्ड बिघडले, नवे बसवले. त्याला आपल्याच डिस्क परक्या वाटल्या! युईएफआय शेलचा काळा पडदा, माऊस नाही, सगळे टाइप करायचे. तिथून कार्डाच्या सेटिंगमध्ये गेल्यावर दोन पर्याय आले: इंपोर्ट किंवा क्लिअर. क्लिअर केले की डिस्कची मांडणीच पुसली जाते. वर्षानुवर्षांची उधारी त्यात!

"आधी बॅकअप बघ," मी म्हटले. कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून खोडलेले बिल चारही डिस्कवरून जाते. बॅकअपची डिस्क माझ्या कपाटात, साड्यांखाली असते. ती उघडून कालपर्यंतची बिले दिसल्यावरच त्याने इंपोर्ट केले. सगळी खाती जशीच्या तशी आली. डिस्क पुन्हा साड्यांखाली गेली.