‘काही होत नाही’ म्हणू नका

अपेंडिक्स फुगलं की रात्रीतून गाडी काढावीच लागते. पाय मोडला तर घाबरायलाही सवड मिळत नाही. माझं तसं नव्हतं. मी एकवीस वर्षांची, धडधाकट, मानवतहून रोज परभणीला जाऊन-येऊन बी.एस्सी. करणारी. पाठ कधीमधी दुखायची, पण कापूस वेचून ती आमच्याकडे सगळ्यांचीच दुखते. अशा मुलीनं आपल्या पायांनी चालत जाऊन टेबलावर पालथं पडायचं, आणि ज्या ऑपरेशनातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे पाय जाणं, ते स्वतःच्या सहीनं करून घ्यायचं. तारीखसुद्धा आपणच सांगायची. स्कोलिओसिसच्या, म्हणजे पाठीच्या कण्याच्या बाकाच्या, ऑपरेशनातली खरी गोम इथं आहे. मन खायला वेळ भरपूर मिळतो.

माझ्या पाठीचा बाक पहिल्यांदा दिसला तो आमच्या शिवणकामाच्या मावशींना. मामाच्या लग्नासाठी ब्लाऊजचं माप घेताना त्या म्हणाल्या, “हिचा उजवा खांदा वर हाय की गं. नीट उभी ऱ्हा.” मी नीटच उभी होते. त्यांनी डाव्या खांद्याला आतून कापडाची घडी शिवून दिली आणि पुढची काही वर्षं माझ्या प्रत्येक ब्लाऊजला ती घडी आली. मग एका पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून परभणीला छातीचा एक्स-रे काढला. फुफ्फुसं स्वच्छ निघाली, मणक्यांची रांग मात्र इंग्रजी ‘एस’सारखी. मोजमाप छत्रपती संभाजीनगरला झालं : ५४ अंश.

या अंशांचा हिशेब समजायला मला बरेच दिवस लागले. १० अंशांच्या वर बाक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीच्या वयात २५ ते ४० अंशांपर्यंत पट्टा लावतात, म्हणजे ब्रेस. ४५-५० ओलांडले की ऑपरेशनची भाषा सुरू होते. किशोरवयातल्या बहुतेक रुग्णांत कारण सापडतच नाही. दप्तराच्या ओझ्यानं किंवा वाकडं बसल्यानं हे होत नाही. हे वाक्य मी मायला डॉक्टरांकडून दोनदा म्हणवून घेतलं, कारण लहानपणी माझ्या कमरेवर दिलेल्या घागरींचा हिशेब ती एक्स-रे बघितल्यापासून लावत बसली होती. माझं वाढीचं वय संपलेलं असल्यानं पट्ट्याचा उपयोग नव्हता.

मग तारखांचा खेळ सुरू झाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, सोयाबीन निघू द्या. सोयाबीन निघालं तर माझी परीक्षा आली. परीक्षेनंतर कापसाची वेचणी, मग तूर, मग परभणीचा उरूस. उरुसात आमचं काहीच नव्हतं, तरी मीच म्हणाले की तेवढा होऊ द्या. घरात सगळ्यांना कळत होतं की पिकाचं नाव पुढं करून आम्ही भीतीला मुदतवाढ देतोय. बोललं मात्र कोणीच नाही.

गावानं आपापलं बोलून घेतलं. एका चुलत आजोबांनी लिंबाच्या फांदीला लोंबकळायचा सल्ला दिला. कोणी मालिशवाल्याचा पत्ता आणला. मोठी आत्या म्हणाली, “दुखतंय का तुला? न्हाई ना? मंग कशाला चिरफाड करायलाव? मणक्याला हात लावला की माणूस खाटंवर पडतंय जन्माचं.” आत्याच्या बोलण्यातला पहिला भाग मला रात्री झोपू देत नसे, कारण तो माझ्याच मनातला होता. आजीचा मार्ग वेगळा होता. तिनं मला कुब्जेची गोष्ट सांगितली : मथुरेच्या रस्त्यात देवानं तिच्या पायावर पाय दिला, दोन बोटांनी हनुवटी धरून वर वढलं, आन् बाई सरळ झाली. मी म्हटलं, “आजी, डॉक्टरपण तेच करणार आहेत, फक्त स्क्रू लावून.” आजीला ते फार पटलं. शेजारीपाजारी ती तेच सांगत सुटली आणि ऑपरेशनला गावातून पहिला पाठिंबा मिळाला तो असा.

गंमत सोडली तर गोष्ट खरंच तीच आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन या सर्जननी पोलिओनं पाठ वाकलेल्या मुलांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांची स्टीलची दांडी दोन टोकांना हुक अडकवून मणका ताणून धरायची. आता बाकाच्या भागातल्या मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांत दोन सळ्या अडकवतात, बाक उलगडतात आणि त्या भागातले मणके एकमेकांना कायमचे जुळावेत म्हणून हाडाचा चुरा पसरतात. सळ्या केवळ हाड जुळेपर्यंतचा आधार. खरं काम ते जुळलेलं हाड करतं.

शंका मात्र अशा माहितीनं कमी होत नव्हती. उलट एक माहिती तर फारच वाईट वेळी सापडली. आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ऑपरेशन न केलेल्या रुग्णांचा ५० वर्षं पाठपुरावा करून २००३ साली निष्कर्ष छापले होते : पाठदुखी जास्त, दिसण्याची खंत जास्त, पण बहुतेक जण कामधंदा, लग्न, संसार करत बऱ्यापैकी जगले. हे वाचल्यावर मी दोन दिवस हवेत होते. मग करायचंच कशाला? मुंबईच्या सर्जनसमोर तो कागदच ठेवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “खरं आहे. केलं नाहीस तर मरणार नाहीस. पण छातीतला बाक ५० च्या वर असला की वाढ संपल्यावरही तो वर्षाला साधारण एक अंश सरकत राहतो. तू एकवीसची. पन्नाशीत ८० च्या पुढं असशील. तिथून दम लागायला लागतो, आणि तेव्हा हेच ऑपरेशन जास्त अवघड असतं. आज नको असेल तर दर वर्षी एक्स-रे काढू. निर्णय तुझा.” निर्णय तुझा, हे आमच्या घरात मला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. बारावीनंतर काय शिकायचं तेही बसच्या वेळापत्रकानं ठरवलं होतं. त्या दोन शब्दांनी मी आधीपेक्षा जास्त घाबरले.

या सगळ्या काळात सगळ्यात जास्त त्रास दिला तो एका वाक्यानं. “काही होत नाही.” भेटणारा प्रत्येक जण हे म्हणायचा. मामा, मैत्रिणी, कॉलेजच्या मॅडम, पोळ्याला आलेले पाहुणे. मी विचारायला तोंड उघडलं की हे वाक्य झाकणासारखं वर बसायचं. पाठीत स्क्रू घालणार आणि काही होत नाही कसं? मला ते धीर देणं वाटत नसे, ‘आता गप्प बस’ असं ऐकू येई. म्हणून मग मी मोबाइलला विचारायचे. रात्री पांघरुणात ऑपरेशनचे व्हिडिओ. त्यात हातोडीचा आवाजसुद्धा येतो.

मुंबईच्या दुसऱ्या खेपेला बाह्यरुग्ण विभागात सर्जननी मुद्दाम नांदेडकडच्या एका मुलीशी गाठ घालून दिली. तिचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. माय बाजूला गेल्यावर मी हळूच विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, “लई दुखतं. पहिले तीन दिवस तर तू डॉक्टरला शिव्या देशील, आईलाबी देशील. कड बदलायला दोन माणसं लागतात. चौथ्या दिवशी मी चालत संडासला गेले. घरी गेल्यावर महिनाभर रडू यायचं, कारण काय ते ठाऊक न्हाई. तिसऱ्या महिन्यापासून बरं वाटाया लागलं.” मग तिनं ओढणी बाजूला करून पाठ दाखवली. मानेखालून कमरेपर्यंत एक फिकट रेघ. त्या रात्री देवगिरी एक्सप्रेसनं परत येताना मी मनमाड यायच्या आत झोपले होते. ‘लई दुखतं’ ऐकून माणसाला झोप लागते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

घरी आल्यावर दोनशे पानी वही काढली. भीती म्हणून जे एक ढेकूळ होतं ते फोडून एकेका ओळीत एकेक प्रश्न लिहिला. प्रश्न आमच्याकडचे होते, पुस्तकात मिळतील असे नव्हते. भारतीय संडासात बसता येईल का? भाकरी थापायला खाली मांडी घालता येईल का? वाकून कापूस वेचता येईल का? मोटारसायकलवर मागं बसता येईल का? आणि मायनं माझ्याकरवी विचारलेला : बाळंतपण?

सर्जननी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. उत्तरं अशी : माझे जोडायचे मणके छातीच्या भागातले. तो भाग फासळ्यांमुळं मुळातच कमी वाकतो. माणूस वाकतो तो कमरेतून आणि खुब्यातून, ते दोन्ही माझे मोकळे राहणार. त्यामुळं मांडी, उकिडवं बसणं, सगळं जमेल, पण पहिले काही महिने नाही. घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आधी घेऊन ठेवा. (परभणीत मिळते. माय ती घेऊन येताना अर्ध्या गल्लीनं विचारलं, कोण आजारी आहे.) बाळंतपणाला अडचण नाही, फक्त भूल देणाऱ्यांना सळ्यांचं आधी सांगायचं. वेचणी एक हंगाम सोडायची. आणि पाय? शंभरात एकाहून कमी जणांना मज्जातंतूंची इजा होते, आणि त्यातले पुष्कळ सुधारतात. शून्य आहे असं मी म्हणणार नाही, ते म्हणाले.

मग त्यांनी ती इजा टाळायला काय करतात ते सांगितलं आणि माझ्या भीतीला पहिल्यांदा हातात धरता येईल असं काहीतरी मिळालं. पूर्वी ऑपरेशन निम्म्यात थांबवून रुग्णाला अर्धवट जागं करत आणि पाय हलव म्हणत. १९७३ साली फ्रान्समध्ये ही पद्धत मांडली गेली. आता डोक्याला आणि पायांना तारा लावतात, मेंदूपासून पायापर्यंत संदेश नीट पोचतोय का हे एक जण शेवटपर्यंत पडद्यावर बघत बसतो. संदेश मंदावला की सर्जन हात थांबवतात, रक्तदाब वाढवतात, ताण सैल करतात. म्हणजे मी झोपलेली असताना माझ्या पायांवर नजर ठेवायला एक माणूस पगारी बसणार होता. मला हे फार आवडलं.

पैशांचं थोडक्यात सांगते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचं. अण्णांनी तहसीलच्या खेपा घातल्या. माझ्या मते त्या खेपांनी त्यांना वाचवलं, हाताला काम होतं. मायजवळ ते नव्हतं. ती नुसती बघत बसायची.

आदल्या दिवशी वॉर्डात संमतीपत्र आलं. मराठीत होतं. त्यात ‘मृत्यू’ हा शब्द छापलेला होता आणि खाली सहीसाठी रेघ. अण्णांचा हात थांबला. मी एकवीसची असल्यानं सही माझीच लागणार होती. ती मी केली, अक्षर वाकडं आलं. त्यानंतर तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढायचा सराव, औषधी साबणानं अंघोळ, नखांचा रंग पुसणं. रात्री झोप आली नाही, आणि मी तिची वाटही बघितली नाही. भूल द्यायला आलेल्या डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं : “उद्या तुला झोपवायची जबाबदारी माझी, आज नाही आली तरी चालेल.” असं बोलणारी माणसं दवाखान्यात वाढवायला हवीत.

सकाळी डोक्याला तारा लावायच्या म्हणून दोन वेण्या घालायला सांगितल्या. शाळा सुटल्यापासून मायनं माझ्या दोन वेण्या घातल्या नव्हत्या. थिएटरात एकानं गाव विचारलं. परभणी म्हणताच त्यानं पुढचं ठरलेलं वाक्य म्हटलं, “जगात जर्मनी, भारतात परभणी!” मला हसू आलं आणि पाय थरथरतही होते. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. ते तसंच चालू असताना मला झोप लागली.

जाग आली ती “पाय हलव” या हाकेनं. हलले. नंतरचे दिवस त्या नांदेडच्या मुलीनं सांगितले तसेच गेले, शिव्यांसकट. आता बाक १९ अंशांवर आहे, उंची अडीच सेंटिमीटरनं वाढली आहे, ब्लाऊजमधली घडी गेली आहे. खांद्याच्या उजव्या पात्याखाली एक जागा अजून बधिर आहे आणि थंडीत पाठ आखडते.

माझ्या वेळी राहून गेलं ते तुमच्या घरात राहू नये. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढं वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूची फासळी वर आलेली दिसली तर एक्स-रे काढा. शाळेत तपासणीचं पथक आलं की डोळे-दातांबरोबर पाठही बघायला सांगा. वाढीच्या वयातच कळलं तर पट्ट्याचा उपयोग होतो : अमेरिका आणि कॅनडात झालेल्या आणि २०१३ साली छापून आलेल्या अभ्यासात पट्टा लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीपर्यंत गेला नाही, पट्टा न लावलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं.

आणि परभणी, हिंगोली, नांदेडकडं कोणाला तारीख मिळाली असेल, घरचे ‘काही होत नाही’ म्हणत असतील, तर संपादकांकडे माझा नंबर आहे. फोन करा. काय काय होतं ते सगळं सांगेन, दुखतं तेही.